विमानदलाचा जुना पॅच हाती आला, तर आधी उलट बाजू बघा

तुम्ही दोन पॅचचे, म्हणजे गणवेशावर लावायच्या चित्रांच्या बिल्ल्यांचे, फोटो पाठवलेत आणि विचारलंत, हे खरोखर दुसऱ्या महायुद्धातले आहेत का, आणि ते ठरवायचं कसं. पहिला निळ्या फेल्टवर (दाबलेल्या लोकरीच्या कापडावर) जरीने भरलेला पंखवाला वाघ. तो तुम्ही मुंबईच्या चोर बाजारात घेतलात आणि विकणाऱ्याने तो '१९४२चा, फ्लाइंग टायगर्सचा' म्हणून दिला. दुसरा कातड्याचा, साधारण पाच इंच व्यासाचा गोल, त्यावर बॉम्ब कवटाळून बसलेला बुलडॉग रंगवलेला. तो तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडला. आजोबा मूळ नागपूरचे, बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला, आणि युद्धाच्या काळात खरगपूरला होते.

तीसेक वर्षं मी हे पॅच बघतोय, उसवतोय, भिंगाखाली धरतोय. त्यातून शिकलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पॅच नंतरचा आहे हे सिद्ध करता येतं. पॅच त्या काळातलाच आहे हे मात्र सहसा सिद्ध होत नाही. नंतरचा असल्याच्या सगळ्या शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि उरेल त्यावर विश्वास ठेवायचा. त्यामुळे 'हा खरा वाटतो' या वाक्याला या कामात किंमत नाही. 'याच्यात १९४५ नंतरचं काही सापडत नाही' या वाक्याला आहे.

वाघापासून सुरुवात करू. पॅच हातात न घेता, नुसत्या चित्रावरूनच विकणाऱ्याचं निम्मं म्हणणं खोटं ठरतं. फ्लाइंग टायगर्स म्हणजे अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप, चीनच्या बाजूने लढणारे क्लेअर शेनॉल्ट यांचे अमेरिकन वैमानिक. तो गट ४ जुलै १९४२ रोजी विसर्जित झाला. त्यांचं चिन्ह डिस्नेच्या स्टुडिओने काढून दिलं होतं: इंग्रजी 'व्ही' अक्षरातून झेप घेणारा, छोट्या पंखांचा वाघ. तुमच्या पॅचवर 'व्ही' नाहीच. निळ्या गोलात सोनेरी पंखांचा वाघ आणि त्याच्या वर पांढरा तारा आहे. हे चौदाव्या वायुसेनेचं, म्हणजे फोर्टीन्थ एअर फोर्सचं, खांद्यावर लावायचं चिन्ह. ती वायुसेना स्थापन झाली १० मार्च १९४३ रोजी, कुनमिंगला, शेनॉल्ट यांच्याच हाताखाली. लोकांनी 'फ्लाइंग टायगर्स' हे नाव पुढे तिलाही लावलं, त्यामुळे घोळ समजण्यासारखा आहे. पण वायुसेनाच १९४३ची, तर तिचं चिन्ह १९४२चं असणं शक्य नाही. शिवाय हा स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या एका तुकडीचा, पॅचसुद्धा नाही. अख्ख्या वायुसेनेचा आहे.

म्हणजे चित्राने खालची मर्यादा दिली: मार्च १९४३च्या आधी नाही. वरची मर्यादा चित्र देत नाही. ही वायुसेना महायुद्धानंतरही वेगवेगळ्या रूपांत अनेक दशकं नांदली आणि वाघ तिच्याबरोबर राहिला. जुने सैनिक मेळाव्यांसाठी नवे पॅच करून घेत. ते बनावट नव्हेत, त्यांनी ते अभिमानाने लावले. पण ते युद्धातलेही नव्हेत, आणि आज बाजारात 'युद्धातला' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात त्यांची संख्या मोठी आहे.

अक्षरं आणि नावं असतील तर तारीख आणखी घट्ट होते. अमेरिकेचं स्वतंत्र हवाईदल १८ सप्टेंबर १९४७ रोजी झालं, त्याआधी ते लष्कराचाच भाग होतं. म्हणून 'यूएसएएफ' ही अक्षरं असलेला पॅच महायुद्धातला असूच शकत नाही. लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनला मे १९४२ पर्यंत 'पर्स्यूट' म्हणत, मग 'फायटर'. 'फायटर-इंटरसेप्टर' हे नाव १९५० पासूनचं, 'टॅक्टिकल फायटर' १९५८ पासूनचं. चित्रात विमान असेल तर त्याच्या पंखावरचा तारा बघा: ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या १९४३च्या मध्यावर आल्या, आणि त्या पट्ट्यांतली लाल रेघ जानेवारी १९४७ मध्ये. आणखी एक खूण नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. युद्धकाळातल्या स्क्वाड्रनच्या पॅचवर बहुधा स्क्वाड्रनचं नाव किंवा आकडा नसतोच; नुसतं चित्र असतं. खाली फीत आणि फितीवर ठसठशीत नाव, ही पद्धत पुढच्या काळात रुळली. बनावट करणारा मात्र नाव घालतो, कारण गिऱ्हाईकाला ते हवं असतं.

आता उलट बाजू. विक्रीच्या जाहिरातीत समोरचे पाच फोटो असतात आणि मागचा एकही नसतो, तेव्हा मी तिथेच थांबतो. तुम्ही मागचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. वाघाच्या मागे मला पांढरा, विणीशिवायचा, इस्त्रीने चिकटवलेला थर दिसतोय. आपला शिंपी कॉलरला जे फ्यूजिंग लावतो, तेच हे. त्या वेळच्या जरीकामामागे सुती कापड, तागाचा जाडसर तुकडा, खळ लावलेला कागद असं काहीतरी असायला हवं. जरदोजीचा कारागीर काम लाकडी चौकटीवर ताणतो, मागच्या टाक्यांना खळ देतो, वाळल्यावर कापून कडा दुमडतो. मागे सुतांची गर्दी असते, टाक्याचं अंतर कमीजास्त असतं, कुठेतरी गाठ असते. फ्यूजिंगचा थर १९४३च्या पॅचमागे असायचं कारणच नाही. कोणी नंतर डागडुजी करताना लावला असेल, असं म्हणायला जागा आहे, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाही. निकाल देते ती जरीची तार.

आपल्याकडे जरीची पारख करणं हे बायकांना अंगवळणी पडलेलं ज्ञान होतं. माझ्या आजीचा शालू फाटला तेव्हा जुनी जर विकत घेणारा दारावर आला होता. त्याने पदराची दोन सुतं ओढली, कसोटीच्या दगडावर घासली आणि मग भाव बोलला. ती जर जाळून त्यातून चांदी निघायची. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. पॅचवरचं काम बहुतेक दबक्याचं असतं, म्हणजे बारीक तारेची स्प्रिंग, हवी तेवढी कापून मण्यासारखी ओवून शिवलेली. अमेरिकन वैमानिक आणि जमिनीवरचे सैनिक १९४२ पासून तेव्हाच्या अखंड भारतात आले, आणि ज्या शहरांत जरीचे आणि गणवेशाचे कारागीर होते, कलकत्ता, दिल्ली, कराची, तिथे त्यांनी पॅच करून घेतले. घरी अमेरिकेत यंत्रावर साध्या दोऱ्याने भरलेला बिल्ला मिळायचा. इथे तोच जरीत मिळायचा. म्हणून चीन-बर्मा-भारत आघाडीचे पॅच इतके देखणे आहेत, आणि म्हणूनच त्यांची नक्कलही इतकी होते. पाकिस्तानातल्या सियालकोटला आणि आपल्याकडेही आजही तेच हस्तकौशल्य जिवंत आहे, त्यामुळे 'हाताने केलंय' हा पुरावा होत नाही.

पुरावा तारेत आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि झिजलेली जागा शोधा. तुमच्या वाघाच्या डाव्या पंखाचं टोक. मुलामा उडालेल्या ठिकाणी खाली पांढरी चांदी दिसली तर उत्तम. लालसर तांबं दिसलं तरी बिघडत नाही. तांब्यावर चांदी चढवलेली हलकी तार तेव्हाही सर्रास वापरात होती, आणि नेमक्या याच कारणाने अनेकांनी अस्सल पॅच फेकून दिलेत. पण झिजल्यावर रंग जाऊन खाली पारदर्शक पापुद्रा उरला, किंवा चपटी चकचकीत पट्टी सोललेल्या सेलोटेपसारखी उभी राहिली, तर ती प्लॅस्टिकची जर आहे. तुमच्या तिसऱ्या फोटोत पंखाच्या टोकाला तसा पापुद्रा स्पष्ट दिसतोय. पॉलिएस्टरच्या पापुद्र्याची जर महायुद्धात अस्तित्वात नव्हती. वाघ युद्धातला नाही, आणि माझ्या मते फार जुनाही नाही.

काळवंडलेपणावरही एक शब्द, कारण विकणारा त्यालाच 'वय' म्हणून दाखवतो. लोकरीच्या फेल्टमधून गंधकाचा अंश बाहेर पडतो आणि चांदी काळी पडते. नैसर्गिक काळपटपणा असमान असतो: उघड्या तारा काळ्या, आणि एका वेटोळ्याखाली दडलेली तार अजून उजळ. रसायनाने काळं केलेल्या कामात खालची, वरची, दडलेली, सगळी तार एकसारखी काळी असते. सुईच्या टोकाने एक वेटोळं जरासं बाजूला सारून बघा. तसंच चहात बुडवून 'जुनं' केलेल्या कापडाचं: समोर आणि मागे सारखाच पिवळेपणा. खऱ्या वापरलेल्या पॅचची पाठ जॅकेटवर शिवलेली होती, उन्हात नव्हती, म्हणून तिथे मूळ रंग समोरपेक्षा ताजा राहतो. लोकरीला कसर लागलेली असेल तर भोकाच्या कडा बघा. किडीने खाल्लेली कड वेडीवाकडी असते आणि वरचा पापुद्रा खाल्लेला पण खालचा तसाच, असंही आढळतं. कात्रीने किंवा ब्लेडने केलेलं भोक आरपार आणि नीट असतं.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चबद्दल तुम्ही विचारलंत. उपयोगी आहे, पण लोक तिच्याकडून नको ते काढतात. आधी टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. ३९५ची स्वस्त टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड पाडते की कोणतंही पांढरं कापड चमकल्यासारखं वाटतं. पांढऱ्या दोऱ्याला उजळपणा आणणारी रसायनं महायुद्धानंतरच्या वर्षांत सर्वत्र पसरली. म्हणून अंधारात दोरा निळसर पांढरा लखलखला तर शंका घ्यायची. पण तीच रसायनं धुण्याच्या पावडरीतही असतात. १९४४चा पॅच १९७५ मध्ये कोणी प्रेमाने धुतला असेल तर तो अख्खा चमकेल: कापड, दोरा, अस्तर, सगळं. एकटा दोराच चमकतोय आणि बाकी काही नाही, तर दोरा नंतरचा. आणि काहीच चमकत नाही याचा अर्थ 'जुना' असा होत नाही; न चमकणारा सुती दोरा आजही दुकानात मिळतो, आणि नक्कल करणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलंय.

त्याहून ठाम कसोटी आगीची, पण ती फक्त मागच्या बाजूला सुटलेल्या धाग्याच्या तुकड्यावर, चिमट्यात धरून, पॅचपासून दूर करायची. सूत वातीसारखं जळतं आणि भुरभुर राख होते. रेयॉनही कागदासारखं जळतं. लोकर आणि रेशीम केस जळल्याचा वास देतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळतात, टोकाला कडक मणी होतो. नायलॉन युद्धाच्या आधीच आलं होतं, पण ते पॅराशूटसारख्या कामांना वळवलं गेलं. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला तरी त्याचा धागा बाजारात यायला १९५०चं दशक उजाडलं. भरतकामाच्या धाग्याचा पॉलिएस्टरचा मणी झाला, की युद्धकाळाचा प्रश्न मिटला.

यंत्रावर भरलेले अमेरिकन पॅच तुमच्याकडे नाहीत, तरी पुढे घ्याल म्हणून थोडक्यात. कड आधी बघा. जुन्या पॅचची कड भरतकामालगत कापलेली असते, बारीक सुतं सुटलेली. दोरीसारखी जाड, गोल वळवलेली कड, जिला मेरो कड म्हणतात, ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सर्वत्र दिसू लागते. मागे वेल्क्रो असेल तर पॅच युद्धातला नाही, अर्थात नंतर कोणी शिवला नसेल तर. म्हणून वेल्क्रोचे टाके मूळ कामातून गेलेत का हे बघायचं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्राचं काम इतकं काटेकोर असतं की डोळ्यांचे दोन ठिपके हुबेहूब जुळतात आणि मागे बॉबिनचा पांढरा दोरा प्रत्येक पट्टीच्या बरोबर मधून धावतो. एकदा ते ओळखलंत की विसरणार नाही.

आता बुलडॉग, आणि इथे मला खरोखर उत्सुकता आहे.

खरगपूर हे ठिकाण योगायोगाने आलेलं नाही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ सुपरफोर्ट्रेस या प्रचंड बॉम्बर विमानांचं मुख्यालय तिथे होतं. चार बॉम्बर ग्रुप चार धावपट्ट्यांवर: ४६८वा खरगपूरला, ४०वा चाकुलियाला, ४६२वा पियारडोबाला, ४४४वा पुढे दुधकुंडीला. ५ जून १९४४ रोजी इथूनच उडून त्यांनी बँकॉकवर पहिला हल्ला केला, आणि दहा दिवसांनी चीनमधल्या तळांवरून जपानमधल्या यावातावर. १९४५च्या पहिल्या काही महिन्यांत ते पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांकडे गेले. रेल्वेच्या माणसाचा आणि या सैनिकांचा रोजचा संबंध येणं अगदी स्वाभाविक होतं. सुरुवातीला प्रत्येक ग्रुपमध्ये चार, अशी सोळा स्क्वाड्रनं होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये प्रत्येक ग्रुपमधलं एकेक मोडलं. म्हणजे हा बुलडॉग त्यांपैकी एखाद्याचा निघाला, तर काळ सव्वा वर्षाच्या आत येईल, आणि स्क्वाड्रन मोडलेल्यांपैकी असेल तर सहा-सात महिन्यांत.

पण घरातल्या ट्रंकेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी स्वतः एकदा फसलोय. एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या जॅकेटसह कातडी पॅच दिला, हकीकत खरी होती, जॅकेट खरं होतं, आणि पॅच मात्र त्यांच्या भावाने १९९०च्या आसपास रिकामी जागा भरायला विकत घेऊन शिवलेला निघाला. शिवणीचा दोरा वितळला तेव्हा कळलं. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

कातड्याच्या पॅचमध्ये रंग आणि कातडं यांचं नातं बघायचं असतं. नक्कल करणारे जुन्या पर्सचं, जुन्या जॅकेटचं कातडं वापरतात, त्यामुळे कातडं जुनं असणं पुरेसं नाही. जुन्या रंगाला भेगा पडतात त्या कातड्याच्या घडीबरोबर जातात, आणि भेगेच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. नव्याने जुन्या कातड्यावर रंगवलं, तर रंग आधीच पडलेल्या भेगेत उतरतो. तुमच्या फोटोत बुलडॉगच्या कानापासून बॉम्बच्या शेपटीपर्यंत एक लांब भेग आहे. ती मी शक्य तेवढी मोठी करून पाहिली. लाल रंग भेगेच्या दोन्ही काठांवर तुटलेला आहे आणि आत तपकिरी कातडं दिसतंय, लाल नाही. म्हणजे रंग आधी, भेग नंतर. ही फार चांगली खूण आहे. रंग लवचीक रबरासारखा नसून ठिसूळ, पापुद्रे सुटणारा वाटतोय, हेही तेलरंगाशी जुळतं. ॲक्रिलिक रंग विकत मिळू लागले ते युद्धानंतर. फोटोवरून याहून पुढे जाणार नाही.

कडेला टाक्याची भोकं नाहीत. पॅच कधी शिवलाच गेला नाही. बाजारात हे पाहिलं असतं तर मी सावध झालो असतो, कारण नकला बहुधा अशाच कोऱ्या असतात. पण खरगपूरच्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या ट्रंकेत न शिवलेला पॅच असणं समजण्यासारखं आहे: कोणी भेट दिलेला, किंवा करून घेतलेला पण नेला न गेलेला.

तर आता असं करा. पॅच पुसू नका, तेल लावू नका, पॉलिश तर मुळीच नाही. डांबराच्या गोळ्यांतून बाहेर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आम्ल नसलेल्या कागदात सपाट ठेवा, घडी नको. ट्रंकेतलं बाकी सगळं, रेल्वेचे पास, पत्रं, पावत्या, पाकिटं, जशी आहेत तशी एकत्र राहू द्या आणि प्रत्येकाचा फोटो काढा. पॅच एकटा वेगळा काढलात की त्याची निम्मी साक्ष जाते. आजोबा खरगपूरला नेमके कोणत्या साली होते हे नोकरीच्या कागदावरून काढा, कोणाच्या आठवणीवरून नको. मग सोळा स्क्वाड्रनांची चिन्हं तपासू. अमेरिकन हवाईदलाचं इतिहास संशोधन केंद्र अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर आहे आणि तिथे स्क्वाड्रनांच्या नोंदी आहेत. त्यांना बुलडॉगचा फोटो आणि आकारमान पाठवून विचारता येईल. मंजूर चिन्हांत तो सापडला नाही तरी निराश होऊ नका, कारण आघाडीवर कितीतरी चित्रं मंजुरीशिवायच रंगवली गेली; तेव्हा विमानांसमोर उभं राहून काढलेल्या सैनिकांच्या फोटोंमध्ये शोधावं लागतं.

मला मागच्या बाजूचा आणखी एक फोटो हवा आहे, खिडकीच्या तिरक्या उजेडात, फ्लॅश न वापरता. डावीकडे खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय, दोन अक्षरं आणि एक आकडा. देवनागरी की बंगाली ते या फोटोत कळत नाही, आणि मला ते आजच्या आज बघायचंय.